माजघरातली आयपीए

पहिला घाणा मी उकिरड्यावर ओतला. एप्रिल संपत आला होता, पारा ४४ वर, आणि मी शहाणपणा करून घरी आंबत घातलेल्या बिअरचा कॅन मागच्या खोलीत कूलरसमोर ठेवला होता. दिवसा कूलर चालला तेवढा चालला, रात्री लाईट गेली ती पहाटेच आली. तीन दिवसांत सगळं आंबून मोकळं. झाकण उघडलं तर नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा भपकारा. उष्णता झाली की यीस्ट घाईघाईनं काम उरकतं आणि नको ते पदार्थ मागं ठेवून जातं, हे वाचलेलं होतं. नाकाला त्या दिवशी कळलं. ओतलं तिथं कोंबड्यासुद्धा दोन दिवस फिरकल्या नाहीत.

गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरकडे, पूर्णेच्या खोऱ्यात. नाव सांगत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं त्यात बसत नाही, विकायला असो की स्वतःच्या घशाला. मी केलं ते बरोबर होतं असं म्हणायला मी इथं बसलेलो नाही, आणि वाचून कोणी करावं असंही नाही. केलं, एवढंच खरं.

पुण्यात आठ वर्षं नोकरी केली. तिथं मायक्रोब्रुअरीत पहिल्यांदा आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही बिअर, प्यायलो तेव्हा ग्लास परत करावासा वाटला होता, इतकी कडू. चौथ्या-पाचव्या वेळी त्या कडूपणाच्या मागचा संत्र्याच्या सालीसारखा वास सापडला आणि मग दुसरी बिअर गोड वाटायला लागली. बाबांच्या आजारपणात गावी परतलो, कपाशी-सोयाबीन अंगावर पडलं, आणि बाकी पुण्याचं काही आठवेना, तेवढी ही एक चव आठवत राहिली.

तयार माल्टच्या अर्कातून बिअर करणं सोपं असतं: डब्यातला पाक पाण्यात कालवायचा, उकळायचा, आंबवायचा. मला दाण्यापासून करायची होती. शेतकऱ्याच्या घरात पाक विकत आणून बिअर करायची, हे मनाला पटत नव्हतं.

नावात इंडिया आहे, पण या बिअरमध्ये भारतातलं काहीच नव्हतं. लंडनजवळ बो इथली हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ, म्हणून तिचा माल जहाजांवर चढायचा. पुढं १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटचे ब्रुअर या धंद्यात उतरले. आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, जास्त घातले की बिअर लवकर नासत नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. प्रवासात टिकावी म्हणूनच ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट लोक फार रंगवून सांगतात; ती अर्धीच खरी आहे, कारण पोर्टर ही काळी बिअरही त्याच जहाजांतून येत होती आणि चांगली पोचत होती. फिकट, कडक, कोरडी बिअर इथल्या उन्हात गोऱ्या साहेबांना जास्त भावली, एवढं मात्र मला पटतं. आमच्या उन्हात कोणालाही भावेल.

बर्टनची खरी कमाई पाण्यात होती. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विरघळलेलं, म्हणजे सल्फेट भरपूर, आणि सल्फेटमुळं हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, टोकदार लागतो. आमचं पाणी बरोबर उलट. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. या पाण्यात बिअर केली तर ती मिठागरातली लागेल. म्हणून आरओचा वीस लिटरचा कॅन आणला आणि त्यात पाच ग्रॅम जिप्सम घातलं. खारपाणाच्या जमिनी सुधारायला आमचे लोक पोत्यानं जिप्सम टाकतात, तेच जिप्सम मी सोन्याच्या काट्यावर मोजत होतो. शेतात टाकायचं ते मात्र अजिबात वापरायचं नाही, खाण्याच्या दर्जाचं वेगळं मिळतं. बाबांनी पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा जिप्समनं कोनती जमीन सुधारते बे?"

दुसरा घाणा पौषात धरला. वेळ पंचांग पाहून नाही, थर्मामीटर पाहून ठरवली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा १० ते १२ वर उतरतो, दुपारी २८. हेच दोन महिने.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, भाजलेले जव. पावणेतीन किलो साधा फिकट माल्ट आणि दीडशे ग्रॅम क्रिस्टल, जो भाजण्याआधी दाण्यातच शिजवलेला असतो आणि त्यामुळं बिअरला थोडा कारमेलचा रंग देतो. हे सगळं मागवलेलं. हॉप्सही मागवलेले, चंदेरी पाकिटात, गोळ्यांच्या रूपात. ते फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीखाली लपवले, कारण घरच्यांना ते जनावरांचं औषध वाटलं आणि कोणीतरी गोठ्यात नेऊन ठेवलं असतं.

आता चक्की. इथं मी थांबून सांगतो, कारण पहिल्या घाण्यात मी इथंच अर्धा हरलो होतो. तेव्हा मिक्सरमधून काढलं होतं आणि त्याचं झालं पीठ. पीठ गरम पाण्यात गेलं की त्याची लापशी होते, पाणी खाली उतरत नाही, सगळं चिकटून बसतं. दाणा फुटायला पाहिजे पण वरचं टरफल अख्खं राहायला पाहिजे, कारण पुढं तेच टरफल गाळणीचं काम करतं. हे काम पाट्यावर होत नाही, मिक्सरमध्ये होत नाही. गावच्या चक्कीवर होतं, चक्कीवाल्याला समजावून सांगता आलं तर.

"जव? हवनाचे का?" त्यानं विचारलं.

"हवनाचेच समजा काकाजी. पीठ नको, भरडा पाहिजे. कण्यांपेक्षाही जाड."

कण्या म्हटल्यावर त्याला बरोबर समजलं. ज्वारीच्या कण्या आमच्याकडे घरोघरी होतात, दगड किती सैल करायचे याचा त्याचा हात बसलेला. त्यानं चाक दीड वळसा उलटं फिरवलं, आधी एक मूठ जव टाकून आतलं कोणाचं तरी बेसन बाहेर काढलं, मग माझा माल्ट ओतला. खाली हात धरला. तळव्यावर पडलं ते असं: टरफल दोन फाकांत उघडलेलं पण तुटलेलं नाही, आत दोन-तीन पांढरे खडे, आणि बोटांना किंचित पिठूळ. तोंडात टाकलं तर पोह्याच्या चिवड्यासारखं कुरकुरीत आणि मागून गोड. आणखी अर्धा वळसा सैल करायला हवं होतं असं मला नंतर वाटलं, पण मागं गव्हाची पोती घेऊन तिघं उभे होते.

गंज बिछायत केंद्रातून आणला, जर्मनचा, पंचवीस लिटरचा. लग्नाचा हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून मिळाला. साडेआठ लिटर पाणी ७३ अंशांवर तापवलं, कारण थंड भरडा पडला की तापमान पाच-सहा अंशांनी खाली येतं आणि मला ६७ वर थांबायचं होतं. मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवलेली होती, तिच्यात भरडा, आणि लाकडी चाटूनं ढवळत ढवळत पाण्यात. गाठ राहता कामा नये. थर्मामीटर ६६.५. झाकण लावलं, वरून दोन गोधड्या गुंडाळल्या आणि खाली बारदाना.

पुढच्या तासात आत जे होतं ते मला अजूनही जादूच वाटतं, कारण करायचं काहीच नसतं. मोड आणताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स पिठुळाचे तुकडे करून साखर करतात. पासष्टच्या खाली ठेवलं तर बहुतेक साखर आंबण्यासारखी होते आणि बिअर कोरडी निघते. सत्तरीकडं नेलं तर न आंबणारी साखर उरते आणि बिअर अंगानं जड होते. आयपीए कोरडी पाहिजे, पण पाणचट नको. म्हणून मधलं.

गोड वासानं आजी आली. तिला आता दिसत कमी, पण नाक शाबूत आहे.

"काय शिजवून रायला बापा? मोडाचं सत्त्व का?"

आजी गव्हाचं आणि ज्वारीचं सत्त्व करायची. धान्य भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं, मोड आले की सावलीत वाळवायचं, मंद भाजायचं. लहान पोरांना आणि आजारी माणसाला. मी तिला चमचाभर पाणी चाखायला दिलं. ती म्हणाली, "गुळवणी झाली की." ब्रुअर ज्याला वर्ट म्हणतात, त्याला मी तेव्हापासून गुळवणीच म्हणतो.

तासानं पांढऱ्या बशीत एक थेंब गुळवणी आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. निळं-काळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे. रंग विटकरीच राहिला. पिशवी उचलली आणि निम्म्यावर आल्यावर शिवण उसवली. किलोभर गरम चोथा परत गंजात. शिवण माझीच, मशीनवर घातलेली, एकच टाका. नवा पंचा फाडून त्यातून सगळं पुन्हा गाळलं, चोथ्यावर ७५ अंशांचं आठ लिटर पाणी हळूहळू सोडलं, आणि या गडबडीत तापमान-बिपमान काही पाहिलं नाही. उकळायला साडेतेरा लिटरच्या आसपास गोळा झालं.

चोथा गाईपुढं टाकला. तिनं आधी फुसकारून तोंड फिरवलं, मग एक घास घेतला, मग टोपलं उलथंपालथं करून चाटलं. सरकीच्या ढेपेपेक्षा आवडलं असावं.

उकळी येताना फेस फुगतो आणि दुधासारखा क्षणात वर चढतो. गंजाशेजारी गार पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं, शिंतोडे मारायचे. ऊत बसला की पहिले हॉप्स: सेंटेनियल, अठरा ग्रॅम, पूर्ण साठ मिनिटं. कडूपणा यांचा. हॉप्समधली आम्लं लांबलचक उकळीतच बदलून विरघळतात. वास मात्र त्याच उकळीत उडून जातो. म्हणून वासाचे हॉप्स शेवटी. कॅस्केड पंधरा ग्रॅम दहा मिनिटं उरली असताना, वीस ग्रॅम गॅस बंद केल्यावर. कॅस्केड हा अमेरिकेचा हॉप, १९७२ मध्ये बाहेर आला. पाकीट फोडलं तेव्हा खोलीत संत्र्याच्या सालीचा वास, अगदी नखानं साल खुरचल्यावर हातावर तुषार उडतो तसा. वरुड-मोर्शीकडची संत्री आमच्या घरात टोपल्यानं येतात. दोन साली टाकाव्यात असा मोह झाला. टाकल्या नाहीत. संत्र्याचं सरबत करायला बसलो नव्हतो.

उकळी संपल्यानंतर गुळवणीला जे जे लागणार ते सगळं निर्जंतुक पाहिजे. दूध डेअरीत काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना कितीही सांगितलं तरी ते चमचा धुवायचं विसरतात.

गार करायला तांब्याची नळी वापरतात. माझ्याकडं नाही. विहिरीचं पाणी थंडीतही कोमट, म्हणून गंज गुरांच्या रिकाम्या टाक्यात ठेवला, बाहेरून पाणी आणि दर्यापूरहून आणलेली बर्फाची अर्धी लादी. वीस अंशांवर यायला पावणेदोन तास लागले. घनतेवरून गुळवणीतली साखर सांगणारा हायड्रोमीटर १.०५६. हिशेबानं १.०६० यायला हवं होतं. चार आकडे चक्कीत आणि उसवलेल्या शिवणीत गेले.

यीस्ट कोरडं, यूएस-०५, अर्धं पाकीट. वीस लिटरच्या कॅनमध्ये दहा लिटर गुळवणी, झाकणाला भोक, भोकात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, म्हणजे आतला वायू बाहेर येईल आणि बाहेरची हवा आत जाणार नाही. आणि या खेपेला कॅन कूलरसमोर नाही. माजघरात.

आमचं घर जुनं, धाब्याचं. माजघराच्या भिंती मातीच्या, दोन-अडीच हात जाड, खिडकी नाही. बाहेर ११ असो की २८, आत कॅनभोवतीच्या घमेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर १९ ते २१ च्या बाहेर गेला नाही. पुण्यात यासाठी लोक फ्रीजला कंट्रोलर बसवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाटलीत बुडबुडे. आधी एकेक, मग सलग, रात्री घर शांत झालं की चुलीवर भात रटरटावा तसा आवाज. आजी तिथंच झोपते. तिसऱ्या रात्री तिनं मला उठवलं.

"कवाड उघडं ठेव. पेवाची हवा हाये ते."

मला आधी कळलं नाही. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवायचे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दोरीनं दिवा सोडायचे. दिवा विझला तर आत माणूसही विझतो. मिटलेलं धान्य श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड जड असतो, तळाशी साचतो. मी काडी पेटवून नळीच्या तोंडाशी धरली. विझली. दुसरी धरली, तीही. दहा लिटर गुळवणीनं खोलीत कोणी मरत नाही, पण दार उघडं ठेवलं, आजीची खाट ओसरीवर आणली, आणि त्या रात्री मला हे सगळं शिकवणाऱ्या पुस्तकांत पेवाचा शब्दही नव्हता याची गंमत वाटली.

आठव्या दिवशी बुडबुडे मंदावले, तेव्हा चाळीस ग्रॅम कॅस्केड उकळलेल्या कापडात बांधून थेट कॅनमध्ये सोडलं. चार दिवस. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. इथं हॉप्सचा फक्त वास बिअरमध्ये उतरवायचा असतो. झाकण उघडावं लागतं तेवढ्यानं हवा लागते आणि वास विटायला लागतो, म्हणून हात झटपट चालवायचा. बाराव्या दिवशी हायड्रोमीटर १.०१२, तेराव्या दिवशीही तेवढाच. म्हणजे आंबणं थांबलं. अल्कोहोल पावणेसहा टक्क्यांच्या आसपास.

बाटल्या भंगारवाल्याकडून. तपकिरीच पाहिजेत, हिरव्या काचेतून ऊन गेलं की हॉप्स बिघडतात आणि बिअरला घाणेरडा वास लागतो. मी रंग पाहून निवडत होतो, तो माझ्याकडे पाहत होता. "भाऊ, रिकाम्या कायले नेता? भरल्याच घ्या ना." चौदा बाटल्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवल्या, लेबलं खरवडली, उकळलेल्या पाण्यानं धुतल्या. साठ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळली. बाटलीबाटलीत चमच्यानं घातली तर एखादीत जास्त पडते आणि ती फुटते. बुचं ठोकायचं यंत्र मागवलेलं. तेरा बाटल्या भरल्या, चौदावी निम्मी राहिली ती तिथंच प्यायलो: गार नाही, फेस नाही, तरी चव कळली.

तीन आठवडे माजघरात. शेवटचे दोन दिवस फ्रीजमध्ये, जिथं आईनं बाटल्यांवर कोथिंबिरीची जुडी आडवी ठेवली, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

रंग गढूळ, जुन्या मधासारखा. फेस पांढरा, दोन बोटं, ग्लासाच्या कडेला जाळी धरून राहणारा. वास संत्र्याच्या सालीचा आणि थोडा देवदाराचा. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला लागतो आणि लगेच जातो, घशात चिकटत नाही; ते जिप्समचं काम. मधल्या अंगानं जरा पातळ वाटली. चोथ्यावरचं पाणी निष्काळजीपणानं सोडलं त्यातून असेल, टरफलाचा तुरटपणाही मागून येतो. पुण्यात हीच मागवली असती तर तक्रार केली नसती, कौतुकही केलं नसतं.

चक्कीवाल्या काकाजींनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "हे पैसे देऊन पेते लोकं? याच्यापरीस निंबाचा काढा पेतो, तब्येत तरी सुधरते." मामेभावानं दोन बाटल्या संपवल्या, तिसरी मागितली, पण तो काहीही पितो.

आजीनं चमचाभर घेतलं. जिभेवर फिरवलं, डोळे मिटले. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची ज्वारीची आंबील चाखून ती याच तोंडानं सांगते की झाली की बिघडली. बराच वेळ काही बोलली नाही.

"आंबली बराबर," ती म्हणाली. "पन जवाले चव नाही. ज्वारी घ्यायची होती."

ज्वारीचं अवघड आहे. तिचं पिष्ट जवापेक्षा जास्त तापमानाला मऊ होतं, साखर करणारी एन्झाइम्स कमी, आणि टरफल नसल्यासारखंच, म्हणजे गाळायचं कशातून? शिवाय कोवळ्या ज्वारीचं विष गुरं राखणाऱ्याला ठाऊक असतं, तेच मोडाच्या कोंबातही उतरतं. हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"वाळलं की कोंब चोळून टाकाचे, पाखडून घ्याचे. तुले काय, फेकून द्या लागते थोडी."

काल रात्री दोन किलो दगडी ज्वारी भिजत घातली. आज सकाळी फडक्यात बांधून माजघरात खुंटीला टांगली आहे, कॅन होता त्याच कोपऱ्यात. गाय दावणीतून सारखी इकडं पाहते.